राज्याभिषेक लाईव्ह: कुठं बघावा आणि आवाज कुणाचा बंद करावा

आधीच सांगते, हा रिव्ह्यू राजाचा नाही, इंग्लंडच्या चार्ल्स राजाच्या राज्याभिषेकाच्या प्रक्षेपणाचा आहे. राजा असावा का नसावा, चार्ल्स बरा का त्याची आई बरी, डायना असती तर काय झालं असतं, ह्या सगळ्यावर शनिवारी आमच्या हॉलमध्ये इतकं बोलणं झालंय की त्यात मी आणखी भर घालत नाही. टीव्हीवर जे दिसलं, जे ऐकू आलं ते कसं होतं तेवढंच लिहिते, कारण बऱ्याच जणींनी विचारलं की तुम्ही नेमकं कशावर बघितलं, आमच्याकडं तर नुसती भांडणंच दिसायली होती.

तर ६ मे २०२३, दुपारी साडेतीनचा मुहूर्त, लंडनला तेव्हा सकाळचे अकरा. आता नेमकं साडेतीनलाच चेन्नई-मुंबई मॅच पण होती, हे तारीख काढणाऱ्याला कुणी सांगितलं नसावं. पुतण्या आणि त्याचे दोस्त जेवण झाल्यापासूनच रिमोट दाबून बसलेले. शेवटी आत्याबाईंनी (माझ्या सासूबाई, वय ऐंशीच्या पुढं, घरातला शेवटचा शब्द त्यांचा) निकाल दिला, मॅच काय दररोजच असती, राजा दररोज होत नसतो, तुम्ही मोबाईलवर बघा. मॅच त्या वर्षी जिओसिनेमावर फुकट होतीच, त्यामुळं पोरांना पण फार बोलता येईना. टीव्हीवर वेस्टमिन्स्टर ॲबी (लंडनचं चर्च, राज्याभिषेक तिथंच होतो), सोफ्याच्या कोपऱ्यात मोबाईलवर चेपॉक, आणि कूलरचा घरघराट, असा आमचा सेटअप. तिकडं राजा आत येऊन उभा राहतो न राहतो तोच इकडून "गेला! रोहित शून्यावर गेला!" अशी बोंब, जाऊबाई दचकून म्हणाल्या, कोण गेलं माय?

पहिली दहा मिनिटं आपल्याच न्यूज चॅनलांवर फिरलो. नाव कुणाचंच घेत नाही, सगळे एका माळेचे मणी. स्क्रीनचे चार तुकडे, एकात राजा, एकात राजाचं जुनं फुटेज, एकात अँकर आणि उरलेल्यात चर्चेला आणलेले दोन गृहस्थ जे एकमेकांना बोलूच देईनात. खाली पट्टी वेगळीच. आत लेकरं इतकं गोड गायलेत आणि त्याच्यावर अँकरचा आवाज चढलेला. आणि विषय काय, तर कोहिनूर. अरे पण कोहिनूर तिथं होता कुठं? राणी कॅमिलाला घातला तो क्वीन मेरीचा १९११ सालचा मुकुट, त्यात कलिनन हिरे बसवलेत, कोहिनूर नाही. कोहिनूर आहे तो १९३७ साली चार्ल्सच्या आजीसाठी केलेल्या मुकुटात, आणि तो वापरणार नाही हे राजवाड्यानं फेब्रुवारीतच सांगून टाकलेलं. १८४९ साली दहा वर्षांच्या दुलीपसिंगाकडून इंग्रजांनी तो कसा घेतला, हे खरंच सांगण्यासारखं आहे, शांतपणे सांगा की, आम्ही ऐकतो. पण नाही. आत्याबाई म्हणाल्या, "नाहीच तिथं, तर बोंबलायलेत कामून?" त्याच मिनिटाला आम्ही चॅनल बदललं. गुण द्यायचेच तर पाचपैकी एक, तो पण घड्याळ बरोबर दाखवलं म्हणून.

मग लावलं बीबीसीचं लाईव्ह, यूट्यूबवरून टीव्हीवर. आणि इथून पुढं मात्र बोलायचं काम नाही असं होतं.

एक तांत्रिक गोष्ट आधी सांगून टाकते. यूट्यूब लाईव्ह थोडं मागं चालतं. आमच्या समोरच्या घरी डिशवर चालू होतं, त्यामुळं त्यांचा राजा आमच्या राजापेक्षा पाऊण-एक मिनिट पुढं. त्यांच्याकडं टाळ्या वाजल्या की आम्हाला कळायचं आता काहीतरी होणारंय. मुकुटाच्या वेळी जाऊबाईंनी उठून खिडकीच लावून घेतली. घर शांत पाहिजे असेल आणि पॅकमध्ये चॅनल असेल तर डिशवरच बघा, चित्र मात्र आमच्या नेटवर यूट्यूबचं जास्त चांगलं आलं.

चित्र म्हणजे काय चित्र! ॲबीच्या वरून सरळ खाली बघणारा एक कॅमेरा होता, त्यातून ती खालची फरशी दिसते, १२६८ सालची, रंगीत दगडाच्या तुकड्यांची नक्षी, आणि तिच्या मधोमध ती लाकडी खुर्ची. खुर्ची सातशे वर्षांची, पहिल्या एडवर्डनं करून घेतलेली, खाली स्कॉटलंडहून आणलेला दीडशे किलोचा दगड. जवळून दाखवली तेव्हा कळलं की खुर्चीवर पोरांनी नावं कोरून ठेवलीत. खरंच, जुन्या काळी शाळेच्या पोरांनी आणि बघायला आलेल्यांनी चाकूनं कोरलेली. पुतण्या मॅचमधून मान वर करून म्हणाला, "म्हणजे देवगिरी किल्ल्यावर आम्हीच एकटे नाही!" त्याच्याकडं भावजींनी ज्या नजरेनं बघितलं ते इथं लिहीत नाही.

निवेदन मोजकं. समोरून कोण चाललंय, त्याच्या हातात काय, ती वस्तू कधीची, बस. नंतर गप्प. कधीकधी तर इतका वेळ कुणीच बोलत नाही की आपल्याला वाटतं आवाज गेला. ही सवय आपल्याला नाही, पहिला अर्धा तास आम्हीच मधल्या जागा भरायलो होतो. जाऊबाईंचं डिपार्टमेंट कपड्यांचं. युवराज विल्यमची बायको केट, तिनं मुकुट घातला नाही, डोक्यावर चांदीच्या पानांचं काहीतरी, आणि तसलंच लहान लेकीच्या डोक्यावर, ते त्यांना इतकं आवडलं की येत्या लग्नात आमच्याकडं कुणाच्या तरी डोक्यावर दिसणार हे नक्की. राजाची बहीण ॲन, तिच्या टोपीला मोठा लाल तुरा, आणि बरोबर त्याच्या मागच्या रांगेत हॅरी, म्हणजे हॅरी बघायचा तर तुऱ्याच्या आडून बघायचा. हे मुद्दाम का योगायोग ह्यावर दोन पार्ट्या पडल्या. लहान लुईनं जांभई दिली तेव्हा मात्र घरात एकमत झालं, लेकरू खरं बोललं.

दागिन्यांवरून गाडी निजामावर गेली, ती जाणारच होती. आमच्या शेजारचे गुरुजी (रिटायर्ड, इतिहासाचे) म्हणाले की ह्या केटनं दोन-तीनदा घातलेला एक हिऱ्याचा हार आपल्या निजामानं दिलेला आहे. १९४७ साली एलिझाबेथच्या लग्नात मीर उस्मान अलीनं कार्टिये जवाहिऱ्यांना सांगून टाकलं होतं, तिला जे आवडंल ते निवडू द्या. शनिवारी तिनं तो घातला नव्हता, दुसरा होता, पण विषय निघाला तो निघालाच. "कुणाच्या पैशानं दिला?" गुरुजी विचारायले. "ह्या परभणीच्या शेतसाऱ्यातूनच की!" भावजींनी उगाच काडी टाकली की गुरुजी तुम्ही म्हणता १९४८ ला निजाम घालवला, पण राजप्रमुख म्हणून ५६ पर्यंत होताच की गादीवर. झालं. पुढची पाच मिनिटं लंडनमध्ये काय झालं ते मला माहीत नाही, नंतर मागं करून बघितलं. ही यूट्यूबची सोय मात्र फार कामाची, लाईव्ह पण मागं नेता येतं.

आत्याबाई ह्या वादात पडल्या नाहीत. रझाकारांच्या धामधुमीत त्यांना लहानपणी वऱ्हाडात मामाकडं धाडलं होतं, त्यांना राजा म्हटलं की पुस्तकातला धडा आठवत नाही. त्या टीव्हीकडं बघत एवढंच म्हणाल्या, "हा गरीब दिसतो बिचारा." ७४ वर्षांचा माणूस, इंग्लंडात इतक्या वयाचा राजा आधी कुणी अभिषेकाला बसला नव्हता, आणि चेहरा असा की कधी एकदा उरकतंय.

आता मेन गोष्ट. पवित्र तेल लावायचा विधी. तेल जेरुसलेममध्ये मंत्रून आणलेलं, आणि काढायचा चमचा बाराव्या शतकातला. इथं निवेदकानं एक माहिती दिली ती गुरुजींनी दोनदा ऐकली. १६४९ साली इंग्रजांनी राजाचं डोकं उडवलं आणि मुकुटबिकुट सगळं वितळवून टाकलं, तेव्हा हा चमचा एकानं विकत घेऊन ठेवला म्हणून वाचला. ११ वर्षांनी त्या राजाचा मुलगा राजा म्हणून परत आला, तेव्हा विकत घेणाऱ्यानं चमचा परत केला आणि १६६१ मध्ये मुकुट नवा करावा लागला, तोच हा सव्वादोन किलोचा. गुरुजी म्हणाले, "त्यांनी पण घालवला होता की एकदा! पण परत आणला."

तर हा तेलाचा विधी, सगळ्यात पवित्र मानतात तो, कॅमेऱ्याला दाखवायचाच नाही असा नियम. १९५३ ला एलिझाबेथच्या वेळी पण दाखवला नव्हता. राजानं अंगावरचा भारी झगा उतरवला, साध्या पांढऱ्या शर्टात उभा राहिला, आणि तीन बाजूंनी पडदे लावले. पडद्यावर झाड भरलेलं, ५६ पानं, राष्ट्रकुलातल्या एकेका देशाचं एक, म्हणजे त्यात आपलं पण एक पान. आणि कॅमेरा त्या पडद्यावर थांबला. जगभरचे लोक बघायलेत, हजार कॅमेरे आहेत, आणि दाखवत नाहीत. हँडेलनं १७२७ मध्ये रचलेलं स्तोत्र चालू, जे तेव्हापासून प्रत्येक अभिषेकाला गातात, आधी नुसते व्हायोलिन हळूहळू चढत जातात आणि मग एकदम सगळा कॉयर अंगावर येतो. आमच्या हॉलमध्ये पहिल्यांदा शांतता झाली, मॅचचा आवाज पण पोरांनी आपणहून कमी केला. माझ्या मते सगळ्या प्रक्षेपणातला हा सगळ्यात भारी भाग, आणि त्यात दिसत काहीच नाही. आपल्या चॅनलवाल्यांनी ड्रोन सोडला असता आत.

ह्यावर गुरुजींनी सांगितलेलं इथं टाकते कारण मला ते माहीत नव्हतं. ६ जून १६७४ ला रायगडावर महाराजांचा राज्याभिषेक झाला (२०२३ मध्ये त्याला ३५० वं वर्ष लागलं), तो करणारे गागाभट्ट काशीचे, पण त्यांचं घराणं मूळ आपल्या पैठणचं. आणि त्या सोहळ्याला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन मुंबईहून गड चढून आला होता, नजराणा घेऊन. त्यानं सगळं लिहून ठेवलंय, सिंहासनाच्या दोन्ही अंगाला भाले होते, त्यावर सोन्याचे मोठ्या दातांचे मासे, घोड्याच्या शेपट्या, आणि न्यायाचा तराजू. बारीक नजर होती म्हणायची. तेव्हा तो आपला सोहळा बघून रिपोर्ट लिहायला होता, आता मी त्यांचा बघून लिहायले. फरक एवढाच की त्याला गडावर येऊन ताटकळत बसावं लागलं, महाराज प्रतापगडाला गेले होते म्हणून. मला सुशीला (आमच्याकडचा मुरमुऱ्याचा नाश्ता) करून चहा टाकेपर्यंतच थांबावं लागलं.

मुकुट चढला आपल्या साडेचार वाजता. आर्चबिशपनं, म्हणजे तिथल्या मोठ्या धर्मगुरूनं, तो दोन्ही हातानं धरून डोक्यावर ठेवला, मग जरा दाबला, मग वाकून पुढून बघितलं, परत फिरवला, परत बघितलं. आत्याबाई सोफ्यावर पुढं सरकून, "अरे डावीकडं, डावीकडं घे! नवरदेवाचा फेटा बांधायला मामा लागतो, ह्यांनी बाहेरचा माणूस लावला." आख्खं घर हसलं. बीबीसीनं हे सगळं खटाटोप जवळून दाखवलं, कापलं नाही, त्यासाठी त्यांना एक्स्ट्रा मार्क. नंतर विल्यमनं बापाच्या गालाचा मुका घेतला तेव्हा जाऊबाईंच्या डोळ्यात पाणी, आणि त्याच वेळी मोबाईलवर कुणाची तरी विकेट.

बरं, सुनक. आपल्या इन्फोसिसवाल्यांचे जावई, तेव्हाचे तिथले हिंदू पंतप्रधान, तिथं उभं राहून बायबल वाचायले. वाचलं छान, ठणठणीत. एका शीख लॉर्डनं हातमोजा दिला, नरेंद्र पटेल नावाच्या लॉर्डनं अंगठी पुढं केली, मुसलमान आणि ज्यू सभासदांनी पण एकेक वस्तू दिली. हे निवेदकानं नीट ओळख करून सांगितलं, नाहीतर आपल्याला कळलं नसतं कोण कोण आहे. आणि ती तलवारवाली बाई, पेनी मॉर्डंट! निळ्या-हिरव्या ड्रेसमध्ये, साडेतीन किलोच्या वरची तलवार सरळ धरून तासभर उभी, हात हलला नाही. जाऊबाईंनी मोदी नाही, राजा नाही, हिलाच पंतप्रधान करा असं जाहीर केलं. आपल्याकडून तेव्हाचे उपराष्ट्रपती धनखड गेले होते, ते कॅमेऱ्यात आम्हाला काही सापडले नाहीत, नंतर फोटोत बघितले.

मुकुटानंतर एक जागा आली जिथं आर्चबिशप म्हणतो, ज्यांना वाटेल त्यांनी राजाला पाठिंबा द्या, घरून बघणाऱ्यांनी सुद्धा. आधी म्हणे सगळ्यांनी निष्ठेची शपथच घ्यायची असं ठरलं होतं, तिथल्या लोकांनीच आरडाओरडा केला म्हणून मवाळ केलं. गुरुजी हे ऐकून उठले, आत जाऊन पाणी पिऊन आले, आणि ते संपल्यावरच परत बसले. एक शब्द बोलले नाहीत.

आता ज्या गोष्टी खटकल्या. एक तर मराठी सोडा, हिंदी पण नाही, आणि बायबलची इंग्रजी जुनी, कॅप्शन लावले तर ते मशीनचे, आर्चबिशप काय म्हणतो आणि खाली काय उमटतं ह्याचा मेळ नाही. आत्याबाईंना मला आणि भावजींनाच सांगावं लागायलं, आणि आम्हाला येत नव्हतं तिथं आम्ही "देवाचं म्हणायलेत" एवढंच सांगितलं. दुसरं म्हणजे ॲबीच्या आतलं चित्र इतकं सुंदर की बाहेर काय चाललंय ह्याचा पत्ताच लागत नाही. "हा माझा राजा नाही" म्हणून पिवळ्या पाट्या घेऊन लोक उभे होते, पोलिसांनी पन्नासच्या वर लोकांना धरलं, हे आम्हाला पुतण्यानं मोबाईलवर दाखवलं तेव्हा कळलं. तेव्हा नुसती ॲबीतली फीड बघून बघितलं म्हणू नका. आणि तिसरं, प्रवचन नाही म्हटलं तरी लांबलंच असं आम्हा सगळ्यांना वाटलं, जरी एलिझाबेथच्या वेळचा कार्यक्रम जवळजवळ तीन तासांचा होता आणि हा दोनच. तेव्हा ॲबीत आठ हजारांच्या वर लोक कोंबले होते, ह्या वेळी सव्वादोन हजारांच्या आसपास.

खाण्याचं कुणीतरी विचारलं होतं. राजवाड्यानं ह्या दिवसासाठी खास डिश ठरवली होती, पालक आणि शेंगांच्या बियांची अंडं घातलेली किश. आमच्याकडं सुशीला, वरून शेंगदाणे, लिंबू, आणि दुसऱ्या राऊंडला उन्हाळी कुरडया तळल्या. विषय संपला.

साडेपाचनंतर राजा-राणी सोन्याच्या बग्गीतून परत निघाले. जाताना साध्या बग्गीतून गेले होते, साधी म्हणजे तिला एसी आणि काचा वरखाली करायची बटणं आहेत. परतीची सोन्याची, १७६२ ची, वजन चार टन, आठ घोडे, आणि बसणाऱ्याला इतके हेलकावे की एलिझाबेथला तो प्रवास अजिबात आवडला नव्हता हे तिनंच सांगितलेलं. बाहेर पाऊस, सैनिक भिजायलेत, बँड भिजायलाय, एकाचं पाऊल चुकंना. इथं कॅमेरा लांबून घेतला आणि तेच बरं झालं, चार हजार सैनिकांची रांग एका फ्रेममध्ये बघायला मिळाली. तोपर्यंत चेन्नईची बॅटिंग चालू झाली होती, मुंबईच्या १३९ च झाल्या होत्या, मग पोरांनी हक्कानं टीव्ही मागितला आणि आत्याबाईंनी पण दिला.

गुण विचाराल तर चित्र पाच, आवाज पाच, निवेदन चार, कॅप्शन एक.

रेकॉर्डिंग यूट्यूबवर शोधलं की सापडतं. बघणार असाल तर पाहुण्यांची ये-जा पळवा, राजा दारातून आत येतो तिथून लावा, शपथ आणि सुनकचं वाचन बघा, प्रवचन सोडलं तरी चालतंय, मग पडदे लावतात तिथून मुकुट होईपर्यंत अजिबात उठू नका. टीव्हीच्या स्पीकरवर तो मोठा ऑर्गन नुसता घरघरतो, साऊंडबार असंल तर लावा नाहीतर इयरफोन. घरात सत्तरीच्या पुढचं कुणी असंल तर त्यांना मधोमध बसवा आणि त्यांच्या बोलण्यापुरता आवाज कमी करा. राजवाड्याच्या बाल्कनीसाठी थांबू नका, पावसामुळं बाकीची विमानं रद्द होऊन फक्त हेलिकॉप्टर आणि शेवटी रेड ॲरोज ह्या कसरतीच्या विमानांचे रंगीत धुराचे पट्टे राहिले होते, ते दोन मिनिटांच्या क्लिपमध्ये पण दिसतात.